जळक्या काड्यांची हजेरी

मंगळवार, ४ मार्च

पैलवान,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. फोन करत नाही, कारण फोनवर तू गोड बोलतोस आणि मी हरते. मी तोफ डागायला तोंड उघडावं, तर तू विचारणार, "ताई, जेवलीस का?" आणि मूळ भांडण राहतं बाजूला. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

काल मावशीची सून आली होती. तुझ्या कॅफेत जाऊन आली म्हणे. मोबाइल नाचवत म्हणाली, "ताई, भिंत बघा, काय सजवलीय!" मी बघितली. चष्मा पुसून पुन्हा बघितली. बाबांच्या काडेपेट्या होत्या त्या. उलगडलेल्या, चपट्या केलेल्या, काचेखाली ओळीने चिकटवलेल्या. बंदरावरच्या लॉजची निळ्या जहाजाची पेटी, दोन मोरांची पेटी, त्या पंचतारांकित हॉटेलातली काळ्या-सोनेरी कागदी काड्यांची पाकिटं, सगळी. वर छोटा दिवा आणि खाली एक जोडपं सेल्फी काढतंय.

ट्रंक नेताना तू काय म्हणाला होतास? "उद्घाटनाला टेबलावर मांडतो, लोकांना दाखवतो, लगेच परत आणतो." उद्घाटन झालं. लोकांनी बघितलं. ट्रंक आली नाही. विचारलं की "आणतो गं", "आणतोच आहे", "या खेपेला नक्की". आता कळलं का आणत नव्हतास. परत आणायला पेट्या उरल्याच कुठे होत्या? भिंतीवर आहे ती त्यांची साल.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. मखलाशी नको, जेवलीस का नको. पेट्यांच्या आत जे होतं ते कुठे आहे?

ताई


बुधवार, १२ मार्च

पैलवान,

तुझा मेसेज मिळाला. पत्राला मेसेजने उत्तर देतोस, तेही कॅफेत गर्दी असताना, हे त्यातल्या चुकांवरून कळलं. "ताई त्या जळक्या काड्या होत्या. कचरा होता. फ्रेमवाल्याने झटकून टाकल्या असतील. मी विचारलं नाही."

विचारलं नाही.

आमच्या लाँड्रीत नवा माणूस आला की मालक त्याला मशीन दाखवत नाहीत, आधी खिसे तपासायला शिकवतात. खिसा उलटा केल्याशिवाय एकही कपडा पाण्यात जात नाही. खिशात निघेल ते, बसचं तिकीट असो, सुपारीचा तुकडा असो, पाकिटात घालून कपड्याच्या नंबराला टाचायचं. कचरा आहे की नाही हे आपण ठरवायचं नाही, ज्याचा खिसा त्याने ठरवायचं. मागे एका गिऱ्हाइकाच्या कोटात नाटकाचं अर्धं तिकीट निघालं. ते पाकीट हातात घेऊन माणूस असा हरखला की कोट काउंटरवरच विसरून चालता झाला, मला मागे धावावं लागलं. परक्या माणसाच्या कोटाला आम्ही एवढं जपतो. तू आपल्या बापाच्या पेट्या न उघडता दिल्यास.

आणि तुला माहीत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. तू त्या घरात वाढलास. मीच तुला सांगायचं का?

सांगते. बाबा गावोगावच्या हॉटेलांतल्या लिफ्ट दुरुस्त करायचे. निघताना काउंटरवरून काडेपेटी उचलून आणायचे, हीच त्यांची हौस. घरी आले की बूट काढायच्या आधी खिशातून पेटी काढायचे. मग आपण चौघं जमिनीवर गोल बसायचो. प्रत्येकाने एक काडी पेटवायची आणि बघायचं, कोण जास्त वेळ धरतो. उरलेल्या काड्या जायच्या स्वयंपाकघरात. जळलेल्या चार मात्र परत त्याच पेटीत, आणि पेटी ट्रंकेत.

मी काडी पेटताक्षणीच फुंकायचे, म्हणून माझी सगळ्यांत लांब, नुसतं डोकं काळं. आई म्हणायची, "भित्री भागूबाई!" तेव्हापासून मी भागू. तू बोटाला चटका बसेपर्यंत धरायचास, हाताची काडी नि पायाची काडी, पण छाती अशी फुगवायचास की तू झालास पैलवान. तुझी काडी म्हणजे नखाएवढं खुंट. आई आपली काडी विझवून सवयीने मोडून ठेवायची, आग लागायला नको म्हणून. आणि बाबा लबाड. अर्धी जळली की थुंकी लावून जळकं टोक धरायचे आणि दुसरं टोक जळू द्यायचे. त्यांची अख्खी काडी काळी व्हायची, वाकडी, हात लावला तर भुगा. ती आई कापसाच्या बोळ्यावर ठेवायची.

त्या कागदी काड्यांच्या पाकिटांशी तूसुद्धा हरायचास. आठवतं? भस्सकन जळायच्या. तू रडून म्हणाला होतास, "ह्या काड्याच नाहीत, हे कागद आहेत!" आणि बाबांनी तुझ्या बोटाला दंतमंजन लावलं होतं.

बाबा गेल्यावर त्यांच्या हातचं काय उरलं होतं घरात? कपडे वाटले. पान्यांची पेटी त्यांचा मदतनीस घेऊन गेला, त्याच्या उपयोगाची होती. उरल्या होत्या त्या काळ्या काड्या, कापसावर ठेवलेल्या. तू त्यांना कचरा म्हणतोस. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मावशी तुझ्या बाजूने आहे, खूश हो. म्हणते, "अगं, भिंतीवर लावल्या म्हणजे जपल्याच की त्याने." आणि मेसेजच्या शेवटी तू मला शिकवतोस, "ताई, किती दिवस भूतकाळात अडकून राहणार?" भूतकाळ काचेत घालून त्यावर दिवा कोणी लावलाय रे? मी की तू?

आई बरी आहे. संध्याकाळ झाली की हजेरी मागते. तिला आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही, म्हणून पेटी उघडून एकेक काडी चाचपायची आणि नाव घ्यायची, "हा पैलवान, ही भागू, ही मी." कापसाला नुसतं बोट टेकवायची, "आणि हे आले." ती याला हजेरी म्हणते. आता ती मागते आणि मी म्हणते, "उद्या आणते आई."

त्या फ्रेमवाल्याकडे जा. त्याचा कचऱ्याचा डबा उपस. जे मिळेल ते आण.

ताई


शुक्रवार, २८ मार्च

तुझं पार्सल आलं.

किती मूर्ख मी! दारात उभं राहून कात्रीसुद्धा न शोधता दातांनी दोरा तोडला. वाटलं, मिळाल्या काही. पाच मिळाल्या, दोन मिळाल्या, कापूस तरी मिळाला.

आत तुझ्या कॅफेच्या काडेपेट्या. नव्या कोऱ्या, जुन्यासारख्या दिसाव्यात म्हणून कडांना मुद्दाम पिवळट रंग दिलेल्या. वर पाना हातात घेतलेला टोपीवाला माणूस आणि सोबत तुझी चिठ्ठी, "बाबांच्या आठवणीत छापल्यात. बिलासोबत गिऱ्हाइकांना देतो. आईला दे, तिला आवडतील."

बाबांना मिशा नव्हत्या. तू त्यांना मिशा लावल्यास. टोपी त्यांनी जन्मात घातली नाही, लिफ्टच्या भोकात वाकताना पडते म्हणून. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या हाताने कपभर चहा केला नाही, त्याला तू चहाच्या बिलासोबत वाटतोस. वर फ्रेमवाला म्हणे आठवत नाही म्हणतो. त्याला कसं आठवेल? काडी त्याच्या बापाची नव्हती.

आता नीट ऐक. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आई बरी नाही. ती हजेरी मागत नाही. ट्रंक गेल्यावर काही दिवस मागायची, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली, मग विसरली. हजेरीबरोबर मलाही विसरली. मला 'अहो बाई' म्हणते. तिला वाटतं मी कामाला ठेवलेली कुणीतरी आहे. परवा मी तिचे केस विंचरत होते, तर माझा हात धरून म्हणाली, "तुमचं झालं असेल तर जा हो घरी. तुमचंही कुणी वाट बघत असेल."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. पुढचं तुला सांगायची गरज नाही.

तू म्हणशील, डॉक्टर काय म्हणाले? डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं, पेट्या असत्या तरी. मलाही ते कळतं, मी काही शाळेतली पोर नाही. पण ट्रंक होती तोवर संध्याकाळी एकदा तरी ती माझी काडी दोन बोटांत धरून हसायची आणि म्हणायची, "ही आमची भागू. लांबच लांब." दिवसभर मी कुणीही असले तरी तेवढ्या वेळात तिची मुलगी असायचे. मला तेवढंच हवं होतं. ते तू भिंतीला लावलंस, आणि त्याखाली लोक सेल्फी काढतात.

इथे ये म्हणत नाही. तुझा कॅफे आहे, तुला वेळ नाही, तुझा व्याप मोठा आहे. आम्हाला सगळं पाठ आहे.

ताई


रविवार, ६ एप्रिल

पैलवान,

तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. उचलणारही नाही. पण काल जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि ते ऐकून तुलाही चैन पडू नये अशी माझी इच्छा आहे.

लाँड्रीतून आले तेव्हा डोकं भणभणत होतं. एका बाईंनी साडीवरच्या डागावरून अर्धा तास मला फैलावर घेतलं होतं, आणि डाग त्यांनीच आणलेला. घरी येऊन बघते तर तुझी ती मिशाळ पेटी टेबलावर पडलेली. म्हटलं, जाळूनच टाकते. एक काडी ओढली. आई समोर खुर्चीत बसली होती, शून्यात बघत. काडी पेटली आणि गंधकाचा वास आला तशी आईने मान वळवली.

मग मला काय झालं कोण जाणे, मी ती फुंकलीच नाही. तुझ्यावरचा सगळा राग त्या काडीत गेला. म्हटलं, धरतेच. हा एवढा पैलवान झालाय, तर मीही धरून दाखवते. ज्योत खाली येत गेली, नखापाशी आली, कातडी भाजली, तरी धरली. शेवटी हातातून सुटली तेव्हा खुंट उरलं होतं. लहानपणापासून पहिल्यांदा मी जिंकले, आणि बघायला कुणी नव्हतं.

पेटीतल्या बाकीच्या काड्या ओतून काढल्या, ते खुंट आत टाकलं आणि पेटी आईच्या मांडीवर ठेवली. कशाला ठेवली मलाच माहीत नाही. तिने पेटी उघडली. नवीच पेटी, पण बोटांना सवय होती. खुंट चिमटीत धरलं आणि तिचा चेहरा उजळला, अरे, काय सांगू! कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडे तोंड करून हसली आणि म्हणाली,

"पैलवाना, कधी आलास रे?"

मी भाजलेलं बोट मुठीत लपवलं.

"बोलत का नाहीस? बोट भाजलं ना? बघू इकडे."

तिने माझं भाजलेलं बोट शोधून काढलं आणि त्यावर फुंकर घातली. मी म्हटलं, "आत्ताच आलो, आई." आलो म्हटलं मी, पुरुषासारखं. आणखी काय म्हणणार?

मग ती दाराकडे मान करून म्हणाली, "भागू अजून आली नाही कामावरून. इतका उशीर करत नाही ती. जरा दारात जाऊन बघ."

आणि मी गेले. माझ्याच दारात उभी राहून माझीच वाट बघितली. आत येऊन सांगितलं, "येतेय आई." ती म्हणाली, "आली की मगच जेवायला बसू."

जेवलीच नाही ती. ताट समोर घेऊन बसली माझ्यासाठी, आणि मी समोर बसून भरवत होते तर म्हणाली, "थांब रे, तुझी बहीण येऊ दे."

आता सांग, तुला आणखी काय हवंय? ट्रंक नेलीस, बाबांच्या काड्या नेल्यास, माझी काडी नेलीस. आणि इथे न फिरकता माझ्या भाजलेल्या बोटावरची फुंकरही तूच घेतलीस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो तू.

ताई


गुरुवार, १० एप्रिल

पैलवान,

तुझं पत्र आलं. हाताने लिहिलंस, एवढं मान्य. फ्रेमा उतरवून, पेट्या पुन्हा घड्या घालून पाठवतो म्हणतोस. नको. पाण्यात बुडालेल्या कपड्याला इस्त्री केली म्हणून त्याचा गेलेला रंग परत येत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. असू दे तुझी भिंत तुला.

इथलं सांगते.

दोन दिवस मी 'तू' होऊन राहिले. आईला वाटत होतं पैलवान आलाय. तिने मला लहानपणीच्या खोड्यांवरून दटावलं, माझे दंड चाचपून म्हणाली, "अंगाला काही लागत नाही तुझ्या." आणि संध्याकाळ झाली की, "भागू आली नाही." तिसऱ्या दिवशी मला असह्य झालं. स्वतःलाच म्हटलं, अगं मूर्खे, यात अवघड काय आहे? तू काडी त्याच्यासारखी धरलीस, तर तुला नावही त्याचंच मिळणार.

त्या संध्याकाळी मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, आपण बसायचो तशी. तुझ्याच पेटीतली काडी ओढली. ठरवलं होतं, पेटली की लगेच फुंकायची, खोटं खोटं घाबरायचं. पण बोटाची जखम अजून ओली होती. ज्योत भसकन वर आली आणि मी खरीच घाबरले. "आई गं!" म्हणून किंचाळले, काडी फेकली, ती चटईवर पडली, तिच्यावर चापट्या मारत बसले.

आणि वरून आवाज आला.

"अगं भागू, आत्ता कुठे पेटली होती!"

मी मान वर केली. आई खुर्चीत पुढे वाकून खदखदा हसत होती. "भित्री भागूबाई ती भित्री भागूबाईच. आण इकडे ती काडी. आणि इतका उशीर का झाला गं? तो बिचारा तुझ्यासाठी उपाशी बसलाय."

मी तिच्या मांडीत डोकं खुपसलं. केसांतून हात फिरवत ती काडी चाचपत राहिली. "लांबच लांब," म्हणाली. मग जेवली, पोटभर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 'अहो बाई' म्हणाली, ते होणारच. पण संध्याकाळी पेटी हातात दिली तेव्हा पुन्हा भागू म्हणाली. आज तिने स्वतःची काडी पेटवली, मी तिचा हात धरला होता. विझवून, मोडून ठेवली, न सांगता.

बाबांची काडी आता कुणालाच पेटवता येणार नाही. मी त्यांच्यासारखी थुंकी लावून, टोक उलटं धरून दोनदा करून पाहिली आणि दोन्ही मोरीत टाकल्या. ती त्यांची नव्हती. त्यांच्या जागी पेटीत कापूस ठेवलाय, नुसता. आई त्यावर बोट टेकवते आणि काही बोलत नाही. ते तू घालवलंस, आणि त्याची माफी मी तुला देणार नाही. मागूही नकोस. वर्षं गेली तरी नाही.

राहिली तुझी. माझ्या हातचं ते खुंट पेटीतच होतं. आई त्याला बोट लावून म्हणायची, "हा पैलवान, आलाय." काल मी ते काढून टाकलं. शाळेत दुसऱ्याची हजेरी लावल्याबद्दल छडी खाल्लेली मी, या वयात तुझी खोटी हजेरी लावणार नाही. आज तिने पेटी उघडली, चाचपली, पुन्हा चाचपली, पेटी उलटी करून पदरात झटकली. "पैलवान कुठाय?" म्हणाली. मी सांगितलं, "आला नाही."

आता ती रोज विचारणार आणि मी रोज हेच उत्तर देणार. नव्या काड्या पुष्कळ आहेत, तूच पाठवल्यास. इकडे ये, जमिनीवर बस आणि तुझी काडी तुझ्या हाताने धर. तुझ्या वाटणीचं बोट मी एकदा भाजून घेतलंय, पुन्हा घेणार नाही.

भागू